प्रकरण अठ्ठावीस

"हे तुम्ही नुसतं छापताच ना, मिसेस नायगार्ड?"

पहिला दिवस, पहिलाच तास. अमेरिकेच्या इतिहासात वर्षभर काय काय शिकायचं त्याचा कागद मी नुकताच वाटला होता. दुसऱ्या रांगेतली गाओनू लोर शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. मे महिना, प्रकरण अठ्ठावीस, व्हिएतनाम.

"नुसतं म्हणजे?"

"फेंगदादाला तुम्हीच होता, मायलीताईलापण. दोघं म्हणतात, बाई तिथवर पोचतच नाहीत."

"माझ्या बाबांनापण ह्याच होत्या!" मागून ब्रॉडी ओरडला. "ते अजून दुसऱ्या महायुद्धातच अडकलेत!"

वर्ग खिदळला. "बर्फाच्या सुट्ट्या पडतात रे," मी म्हणाले. विस्कॉन्सिनमध्ये हे कुणालाही पटतं. पण ते अर्धंच खरं होतं. यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईपाशी मी दरवर्षी पंधरा दिवस तळ ठोकते, पुढे मंदीच्या काळात रेंगाळते, आणि महायुद्ध संपता संपता शाळाच संपते. एकतीस वर्षं मी हे असंच निभावलं होतं.

मग पुस्तकं वाटली. कव्हरच्या आत शिक्का असतो, त्यात नाव, वर्ष आणि पुस्तकाची अवस्था लिहायची. गाओनूला नेमकं भावंडांचंच पुस्तक मिळालं. फेंग लोर, चांगली. मायली लोर, चांगली. तिनं खाली आपलं नाव घातलं.

"बाकी पुस्तकात एक रेघ मारायची नाही," मी बजावलं. "मारलीत तर माझ्याशी गाठ आहे."

आणि त्या वर्षी बर्फ पडलाच नाही! जानेवारीत अंगणात गवत दिसत होतं. सकाळी डोळे उघडले की मी आधी खिडकीशी जायची. देवा, एक वादळ पाठव, दोन दिवस तरी शाळा बंद पडू दे. बाहेर लख्ख ऊन. मार्चमध्येच महायुद्ध संपलं. मी उजळणी घेतली, दोन चाचण्या घेतल्या, नकाशे भरायला लावले.

"हा नकाशा गेल्या आठवड्यात झाला," गाओनू म्हणाली.

कार्टी! खरं सांगते, राग राग यायचा मला तिचा. तास संपल्यावर मी तिला थांबवलं.

"तुला एवढी घाई कसली गं?"

"आजोबांना दाखवायचंय. व्हिएतनामच्या युद्धात ते शेजारच्या लाओसच्या डोंगरात लढले ना, अमेरिकेच्या बाजूनं. विमान पडलं की वैमानिकाला पाठीवर घालून आणायचे. फेंगदादा शाळेत होता तेव्हापासून विचारतायत, आमचं आलं का? आम्ही आपलं सांगतो, येईल. आता ते खुर्चीतून उठत पण नाहीत."

मी फळा पुसायला लागले. फळा पुसलेलाच होता.

एप्रिलच्या चोविसाव्या तारखेला माझी सगळी निमित्तं संपली.

"प्रकरण अठ्ठावीस काढा."

सगळ्या वर्गात पुस्तकांचे कणे कडकडले. ही पानं आजवर कुणी उलटलीच नव्हती. पुढची पानं मऊ पडलेली, कोपरे झिजलेले, आणि ही कोरी करकरीत, एकमेकांना चिकटलेली. मुलं नखानं सोडवत होती.

"बाई, नव्या पुस्तकाचा वास येतोय!" ब्रॉडी म्हणाला.

मी खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. मग बोलले.

"एकोणसत्तर साली मी अकरा वर्षांची होते. सैन्याची गाडी आमच्या दारात थांबली. आई म्हणाली, दार उघडू नकोस. मी नाही उघडलं. दोघं जण अर्धा तास पायरीवर उभे होते. आई घासलेली भांडी पुन्हा पुन्हा घासत होती. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांना मागच्या दारानं आत आणलं." माझा आवाज फाटत होता, फाटू दे म्हटलं. "गॉर्डन. माझा भाऊ. व्हिएतनाममध्ये गेला. वीस वर्षांचा होता."

ब्रॉडीनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

गाओनू वाचतच होती. शेवटचं पान उलटून ती पुन्हा पहिल्यावर आली, आणि तिचा चेहरा पडला.

"लाओस फक्त नकाशात आहे. आजोबा नाहीयेत."

"गॉर्डनपण नाही."

मी माझं पेन तिच्या बाकावर ठेवलं. "लिही."

"पुस्तकात?"

"पुस्तकात. शाईनं."

तिनं समासात आजोबांचं नाव लिहिलं. पेन परत देताना हात मध्येच थांबवला. "तुमच्या भावाचं पूर्ण नाव काय होतं?"

जूनमध्ये पुस्तकं जमा झाली. मी एकेक पान तपासून घेते, सगळ्या शाळेला ठाऊक आहे. गाओनूचं पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडलं. समासात दोन नावं, नेंग चू लोर आणि गॉर्डन टॉलेफसन. वरच्या नावाची शाई थोडी पसरली होती. त्यावर कुणीतरी बराच वेळ अंगठा टेकून ठेवला असावा. लहान मुलीचा नव्हता तो अंगठा, चांगला रुंद होता.

मी कव्हर उघडलं. गाओनू लोर. पुढचा अवस्थेचा रकाना रिकामा होता.

मी लिहिलं, चांगली.