टाकीला बाबा काहीच म्हणाले नाहीत

आमच्या घरात ‘चांगलं’ हा शब्द कुणी उगाच वापरायचा नाही. भाजी जमली तर ‘जमलीय’ म्हणायचं, कपडे शोभले तर ‘शोभतात’, पाहुणे आवडले तर ‘बरे आहेत’. मी नवी सून असताना दुकानातल्या पडद्यांना सहज चांगले म्हटलं, तर सासूबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या दंडाला चिमटा काढला. तो शब्द बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. बाबा बांधकामावरचे मिस्त्री. त्यांचे वडील मिस्त्री, आणि माझा नवराही मिस्त्रीच, फक्त तो स्वतःला कंत्राटदार म्हणवतो आणि शर्ट खोचून कामावर जातो.

रीत आजेसासऱ्यांनी घातलेली. ते चर्चमध्ये शास्त्र वाचून दाखवायचे, आणि जे रविवारी वाचायचे ते सोमवारी कामावर लावायचे. कामाचा एकेक टप्पा झाला की सगळ्यांनी हातातलं खाली ठेवायचं, मागे सरायचं. मिस्त्रीने नीट पाहायचं आणि ‘चांगलं आहे’ म्हणायचं. मगच थाप्या-घमेली धुवायची. कारण देवाने जग घडवलं तेव्हा त्यानेही हेच केलं, घडवलं आणि मग पाहिलं. बाबा मला हे समजावून सांगताना ‘पाहिलं’ या शब्दाला टेबलावर बोट आपटायचे.

“देव होता तो. त्याचं काम काय बिघडणार होतं? तरी त्याने आधी पाहिलं, मग चांगलं ठरवलं. आणि चांगलं म्हणजे देखणं नव्हे गं. ज्यासाठी केलं ते त्याने पेललं पाहिजे. उजेडाने दिसलं पाहिजे, झाडाला बी धरली पाहिजे.”

यात एक मेख होती. बायबलात देव सहा दिवसांत जग घडवतो आणि जवळजवळ प्रत्येक दिवसाच्या कामाला चांगलं म्हणतो. दुसऱ्या दिवशी देवाने वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं केलं, मधे आकाश ठेवलं, आणि त्या दिवशी मात्र तो शब्द आलेला नाही. आजेसासऱ्यांचं म्हणणं, पाण्याचं काम तोवर अर्धंच होतं. खालचं पाणी एका जागी जमून कोरडी जमीन वर आली ती तिसऱ्या दिवशी, तेव्हा कुठे त्याने चांगलं म्हटलं. म्हणून आमच्याकडे पाण्याची टाकी भरून उभी राहीपर्यंत तिला कुणी चांगलं म्हणत नाही. टाकीच्या कामाला नावच ‘दुसऱ्या दिवसाचं काम’. मला हे सगळं फार गोड वाटायचं. माहेरी जाऊन सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

मी पाळणाघर चालवते. इतकी वर्षं भाड्याच्या दोन अंधाऱ्या खोल्यांत चालवलं. मालकाने जागा सोडायला सांगितली, तेव्हा बाबांनी आपणहून घरामागच्या जागेत बांधून द्यायचं ठरवलं. एक लांब खोली, लहानसं स्वयंपाकघर, न्हाणी. जागा अरुंद, त्यामुळे पाण्याची टाकी गच्चीवर, नेमकी खोलीच्या डोक्यावर आली. तिचा एक खांब खोलीच्या आतल्या कोपऱ्यातून वर गेलेला. त्याच कोपऱ्यात वारा चांगला येतो (घ्या, मीही वापरला शब्द), म्हणून मुलांना दुपारी तिथे झोपवायचं मी ठरवून ठेवलं होतं. त्यात माझी लेक चिमणीही आलीच. ती अजून धड बोलत नाही, पण आजोबांची चप्पल ओळखते.

खांब झाले त्या दिवशी ऊन नुसतं पोळत होतं. बाबांचा गुडघा सुजलेला. ते फाटकाशी सावलीत उभे राहिले, तिथूनच त्यांनी पाहिलं आणि हात वर करून म्हणाले, “चांगलं आहे.” थाप्या धुतल्या गेल्या. मी सगळ्यांना सरबत दिलं.

पुढे टाकीचं काम झालं. साच्याच्या खालच्या फळ्या निघाल्या, सगळे रीतीप्रमाणे मागे सरले. बाबा वर पाहत राहिले आणि काही म्हणाले नाहीत. ते म्हणणारच नव्हते, टाकी होती. नवऱ्याने तर घमेलं धुवायलाही घेतलं. पण बाबा एकटेच आत खोलीत गेले, कोपऱ्यातल्या खांबाच्या मागच्या अंगाला वळसा घालून उभे राहिले, आणि बोट वाकवून त्यांनी खांब वाजवला. खाली वाजवला, वर वाजवला, परत खाली. गिलावा करणारा लंबू दारात होता. बाबांच्या हाताखाली त्याचे केस पिकलेत. बादली काठोकाठ भरलेली असताना तो “पाणी आणतो” म्हणून निघून गेला.

जेवताना मी नवऱ्याला विचारलं, “बाबा असे गप्प का?”

“दुसऱ्या दिवसाचं काम आहे. बोलणार नाहीतच.”

“ते नाही विचारत मी. त्यांनी खांब का वाजवला?”

“मिस्त्री आहेत. ते कलिंगडसुद्धा वाजवून घेतात.” आणि तो स्वतःच्याच विनोदावर हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाबांच्या ताटाकडे पाहिलं. बाबांनी अन्न चिवडून ठेवलं होतं.

त्यानंतर बाबा रोज त्या खोलीत जाऊन बसायला लागले. रंग नुकताच दिलेला, वास डोक्यात जायचा. मुलांच्या पिशव्यांसाठी मी भिंतीवर गुडघ्याइतक्या उंचीवर रंगीत खुंट्या बसवून घेतल्या होत्या. त्या खुंट्यांसमोर, बरोबर टाकीखाली, प्लास्टिकची खुर्ची टाकून हा एवढा मोठा माणूस हात मांडीवर ठेवून बसायचा. दार लोटून घ्यायचा. मी सतरंज्या ठेवायला गेले की दचकायचा.

“बाबा, इथे काय करता?”

“पाहतो.”

“काय पाहता?”

“जा तू. चिमणीला आत आणू नकोस, रंग ओला आहे.”

रंग केव्हाच वाळला होता. मी हात लावून पाहिलं होतं. पण विचारायचं कसं? या घरात बाबांच्या कामाबद्दल विचारणं म्हणजे त्यांच्या शब्दावर बोट ठेवणं. सून म्हणून मी बरीच तोंडाळ आहे, नवरा मला मागून ‘लाऊडस्पीकर’ म्हणतो, तरी ते धाडस मला झालं नाही. मी चुपचाप खुंट्यांवर मुलांची चित्रं चिकटवत राहिले. कुणाचं बदक, कुणाचा ससा. चिमणीचा मासा.

टाकी भरायचा दिवस आला. दुसऱ्या दिवसापासून मुलं यायची होती. सकाळीच मोटर लावली आणि डोक्यावर पाणी पडायला लागलं. आधी मोठा आवाज, मग पाणी चढेल तसा दबका. नवरा वर गच्चीवर, लंबू जिन्यात, आणि बाबा खाली खुर्चीवर. मी त्यांना म्हटलं, बाहेर सावलीत बसा. ते म्हणाले, “इथेच ठीक आहे.” सासूबाई दारापर्यंत आल्या, आत आल्या नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या कामावर उभं राहून प्रार्थना करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

टाकी भरली. जास्तीचं पाणी पाइपमधून बाहेर पडायला लागलं. काही झालं नाही. कुठे तडा नाही, थेंब नाही. नवरा जिना उतरून आला तो सगळे दात दाखवतच. “भरली, आणि उभी आहे. बाबा, आता म्हणून टाका.”

बाबा खुर्चीवरून उठले. आम्ही रीतीप्रमाणे भिंतीपर्यंत मागे सरलो. त्यांनी छताकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मोटर बंद होती, त्यामुळे खोलीत कसलाच आवाज नव्हता. त्या शांततेत मला स्पष्ट कळलं की आता हे म्हणतील. आता म्हटलं की ते कायमचं झालं, आणि उद्या दुपारी मी त्या कोपऱ्यात एकेक सतरंजी अंथरेन.

मला तेव्हा कसं सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, “बाबा, चिमणीचं अंथरूण कुठे घालू?”

“अं?”

“चिमणीचं अंथरूण. तुम्ही सांगाल तिथे घालते.”

त्यांनी लगेच दाराकडे बोट केलं. विचारही केला नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ऊन थेट तोंडावर येतं, उंबऱ्याला अगदी लागून.

“तिथे तर तिच्या तोंडावर ऊन येईल,” नवरा म्हणाला. त्याला काही उमगलं नव्हतं.

“आणि बाकीच्यांची?” मी विचारलं. “बाकीची इथे घालू का, कोपऱ्यात?”

बाबांचं बोट तसंच हवेत राहिलं. मग हात खाली आला. मी आयुष्यात कुणाचा चेहरा इतक्या पटकन म्हातारा होताना पाहिलेला नाही.

“नको,” ते म्हणाले. “कुणाचंच नको. हे चांगलं नाही.”

नवरा हसायला गेला आणि मधेच थांबला. आमच्या घरात ते शब्द त्या क्रमाने कुणी कधी ऐकलेच नव्हते.

“त्या खांबाला मी चांगलं म्हटलं,” बाबा म्हणाले, “तेव्हा साच्याची मागची फळी अजून निघायची होती. मी वळसा घालून गेलोच नाही. टाकीच्या दिवशी वाजवला तर आत पोकळ लागला.”

“मग त्याच दिवशी का नाही बोललात?” मी विचारलं.

“एकदा म्हटलेलं परत कसं घेऊ? माझ्या बापाने नाही घेतलं कधी. म्हटलं, टाकी उभी राहिली तर शब्द खरा झाला.”

“आणि नसती राहिली तर?”

“म्हणून तर खाली बसत होतो.”

मला त्यांचा इतका संताप आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. स्वतःला खाली बसवलं की हिशेब चुकता, असं त्यांना वाटत होतं. टाकी आज उभी राहिली होती, ते चांगलं म्हणाले असते, आणि मग पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, कधी एका दुपारी? मी म्हटलं, “बाबा, देवानं आधी पाहिलं म्हणून तुम्हीच बोट आपटत सांगता. तुम्ही आधी म्हटलंत, आणि मग दिसलेलं लपवलंत.” सासूबाई दारातच खाली बसल्या.

बाबांनी कोपऱ्यातल्या पेटीतून छिन्नी आणि हातोडी काढली, खांबाच्या मागे गेले आणि हलक्या हाताने दोन घाव घातले. गिलावा थेट परातीएवढा सुटून पडला. आत सिमेंट भरलेलंच नव्हतं. नुसती खडी, मधे मधे रित्या जागा, आणि उघड्या सळ्या. बाबांनी हात घातला तो मनगटापर्यंत आत गेला. वरून थोडी बारीक खडी त्यांच्या बाहीत गळली.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. टाकी काठोकाठ भरलेली होती. “कुणी जोरात चालू नका,” एवढंच तो म्हणाला आणि स्वतः भिंतीला धरून, पाय न वाजवता वर गेला, टाकी रिकामी करायचा नळ सोडायला. बाबांनी मला आणि सासूबाईंना बाहेर काढलं. स्वतः मात्र खांबाला तळहात टेकून उभे राहिले. कुणाचं ऐकेनात. आम्ही उघड्या दारातून पाहत होतो. बाहेर अंगणात पाणी पडत होतं, आणि एवढी मोठी टाकी त्या एवढ्याशा नळातून उतरायची होती.

लंबू जिन्याखाली उभा होता. बाबांनी त्याला आत बोलावलं नाही, तिथूनच विचारलं, अगदी साध्या आवाजात, “हे तू बुजवलंस?”

“हो बाबा.”

“फळी काढलीस तेव्हा दिसलं होतं?”

“दिसलं होतं.”

“मला का नाही सांगितलंस?”

लंबू गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिला. जणू उत्तर उघड होतं आणि ते त्यांना कसं माहीत नाही, हे त्याला कळेना. “तुम्ही चांगलं म्हणून गेला होतात, बाबा,” तो म्हणाला. “मग मी ते खराब कसं म्हणणार? तुमचा शब्द खोटा पडला असता. म्हणून बुजवून टाकलं. नेहमीसारखं.”

खोलीत वरून पाण्याचा गुळगुळ आवाज येत होता. बाबांनी खांबावरचा हात काढला नाही.

“नेहमीसारखं म्हणजे?”

लंबूने मान फिरवून फाटकाबाहेर पाहिलं. समोरच्या शाळेची मधली सुट्टी झाली होती, पोरांचा गलका रस्त्यापर्यंत येत होता.

“शाळेचा जिना,” तो म्हणाला.

“आणखी?”

“दवाखान्याचा सज्जा. ती वरच्या आळीतली दोन घरं.”

“आणखी?”

तो रडत होता, पण सांगत होता. बाबा दर वेळी फक्त तेवढंच विचारत होते, आणि लंबूकडे दर वेळी उत्तर होतं.