छातीचा फोटो

पाट्या रंगवणाऱ्या बाबांना पांढरा रंग पिवळट दिसायला लागला, तेव्हा घरच्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा लकडाच लावला. लेक हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा काचेवर घेऊन तपासायचा, हे तिचं रोजचं काम. तारीख तिनंच ठरवली.

साठी उलटलेल्या प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे काढायचा, मग ऑपरेशन कशाचंही असो, असा तिथला शिरस्ता होता.

"डोळे काय माझ्या छातीत आहेत?" बाबा म्हणाले.

"सगळ्यांचाच काढतात, बाबा. काढून घ्या ना."

फोटोत फुप्फुसावर ठिपका निघाला. बाबांना ना खोकला, ना ताप. पण एकदा दिसलेल्या ठिपक्याकडे काणाडोळा कोण करणार? छातीच्या डॉक्टरांनी सुई घालून तुकडा काढला. डोळ्याचं राहिलं बाजूला.

घरच्या माणसाची काच दुसऱ्याकडे द्यायची असते, पण तिला धीर निघेना. दुसऱ्या दिवशी तिनं ती पुन्हापुन्हा पाहिली. कधीकाळचा, आपसूक भरून आलेला व्रण. बाबांना त्याचा जन्मात त्रास झाला नसता. ती पळतच वॉर्डात गेली, तर पलंगाभोवती पडदे ओढलेले. सुईनं केलेल्या भोकातून हवा गळून फुप्फुस मिटलं होतं.

"बाबा, काही नाही निघालं," ती कानाशी वाकून म्हणाली. धाप इतकी होती की त्यांनी नुसती मान हलवली.

छातीत नळी घातली, नळीमागून जंतुसंसर्ग आला, आणि त्यातच बाबा गेले.

पुढे हॉस्पिटलनं बैठक घेतली. अशा सरसकट तपासण्यांवरचा खर्च सार्थकी लागतो का, हे ठरवायचं होतं.

"मागे एका ड्रायव्हरच्या बायकोचा कॅन्सर अशाच फोटोत सापडला," छातीचे डॉक्टर तिच्याकडे न बघता म्हणाले. "बाई आज धडधाकट आहेत."

"खरंय. त्यांची काच मीच पाहिली होती," ती म्हणाली. "पण या हिशोबात फक्त फोटोचा खर्च धरलाय. फोटोपुढे जे होतं, ते कुणीच धरलेलं नाही."

"पुढे म्हणजे?" हिशोबनीसांनी विचारलं. ते नवीन होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सुई, नळी, आयसीयू," ते हळूच म्हणाले. "आणि माणूस."

काही तक्रार नसेल, तर डोळ्याच्या ऑपरेशनआधी छातीचा फोटो काढायचा नाही, असं ठरलं.

ती घरी आली तेव्हा आई बाबांचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धूत होती. वापरणारं कुणी उरलं नव्हतं, तरी ते कडक होऊ नयेत म्हणून ती अधूनमधून धुवायची. लेकीनं बैठकीचं सांगितलं.

"म्हणजे आता कुणाचा नाही काढणार?"

"डोळ्याच्या ऑपरेशनला नाही."

"मग हे तुम्हाला आधी नाही का सुचलं?"

आवाजात राग नव्हता. न समजलेली गोष्ट विचारावी, तसं तिनं विचारलं होतं.

"नाही सुचलं, आई."

आईचे हात थांबले. लेक तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. बाबा गेल्यापासून एकमेकींना सावरण्यातच दोघींचे दिवस गेले होते. त्या संध्याकाळी मात्र कुणी कुणाला सावरलं नाही.