आधी खूण, मग माप

टेलरमास्तर भर दुपारी आमच्या तातडीच्या विभागात आले ते गळ्यातली टेप तशीच ठेवून. सोबत बायको. निदानही त्यांनी स्वतःच उरकलं. "पित्त झालंय, सिस्टर. एक गोळी द्या. पाच वाजता गिऱ्हाईक कोट न्यायला येतंय."

पित्त म्हणे! एका दमात वाक्य पुरं होईना, नाडी एकशे अठरा, ऑक्सिजन नव्वदच्या खाली. मी पलंगाची पाठ उंच करून त्यांना बसवलं, मास्क लावला, छातीला मॉनिटरच्या तारा चिकटवल्या. बावीस वर्षं हेच करतेय. गोड बोलून कामं होत नाहीत, हे मला पहिल्याच वर्षी कळलं.

"मशीनवर किती तास बसता?"

"पंधरा दिवस खुर्ची सोडली नाही यांनी," बायकोने चहाडी केली. "शाळेचे गणवेश आलेत ना! पोटरीही दुखतेय, पण सांगू नकोस म्हणाले."

डॉक्टरबाई वयाने लहान, पण डोकं शांत. त्या म्हणाल्या, "पायात रक्ताची गुठळी होऊन फुप्फुसात गेली नसेल ना? सिस्टर, दोन्ही पोटऱ्या मोजा."

मी मोजल्या. फरक जेमतेम अर्धा इंच.

"बघा! काही नाही," म्हणत मास्तरांनी मास्क काढला आणि ते पायांनी चपला शोधायला लागले.

माझा पारा चढला. "मास्तर, गुठळी असली तर दारापर्यंतसुद्धा पोचणार नाही तुम्ही! बसा आधी!" बायको रडवेली झाली.

मास्तर बसले, पण नजर माझ्या टेपवर. "राग मानू नका, सिस्टर. एक पाय गुडघ्याजवळ मोजलात, दुसरा खाली. असं माप घेतलं तर गिऱ्हाईक विजार माझ्या डोक्यात घालेल."

बावीस वर्षांत मला असं कुणी सुनावलं नव्हतं. कान गरम झाले. पण माणूस खरं बोलत होता.

त्यांनी खिशातून शिंप्याचा चपटा खडू काढून मला दिला. "आधी खूण, मग माप." मग धापा टाकत हुकूम सोडले. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, दोन्हीकडे सारखी. टेप सरळ. ओढायची नाही. मी मुकाट्याने ऐकलं.

"वाचा."

"उजवी साडेचौदा. डावी सोळा."

 माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, डॉक्टरबाईंवरही नव्हता, पण टेपवर होता. "दीड इंच," ते पुटपुटले आणि मास्क स्वतःच तोंडावर ओढला. "अगं, गिऱ्हाइकाला फोन कर. कोट आज मिळणार नाही म्हणावं."

मग मी कोपराजवळ जाड सुई लावली, रक्त तपासायला पाठवलं, रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं आणि पलंगासकट त्यांना स्कॅनला नेलं. गुठळ्या निघाल्या, दोन्ही फुप्फुसांत. "घरी गेले असते तर..." एवढंच डॉक्टरबाई म्हणाल्या. मी औषधांच्या खोलीत जाऊन दोन मिनिटं रडले. माझ्या अर्ध्या इंचावर तो माणूस घरी निघाला होता.

सातव्या दिवशी घरी जाताना मास्तर बायकोला घेऊन आमच्याकडे आले, स्वतःच्या पायांनी. खुर्चीत बसून विजार गुडघ्यापर्यंत वर केली. "घ्या माप."

मी ड्रॉवरमधून त्यांचाच खडू काढला. वाटीखाली चार बोटं मोजली आणि आधी दोन्ही पायांवर खूण केली.

"हं," मास्तर बायकोला म्हणाले, "हिला दुकानात ठेवायला हरकत नाही."