पाण्यात ठेवलेली पानं

टेकडीवरच्या जंगलाचं पुढे काय होईल, हे सांगणाऱ्या तिच्या संगणकातल्या मॉडेलला आतापर्यंत तिथली सगळी झाडं सारखीच वाटायची. एकच सरासरी झाड, एकच सरासरी पान. आणि त्या हिशेबाने जंगल तिच्या लेकीच्या नातवंडांपर्यंत तग धरणार होतं. पण तिचाच हट्ट, की प्रत्येक झाडाचं पान वेगळं, तहान सोसायची ताकद वेगळी, तर मॉडेललाही तसंच सांगायचं. जाड पानांची झाडं जंगल तारून नेतील, असं तिला मनापासून वाटत होतं.

आज मॉडेलने काढलेला नवा नकाशा आला. लेक मोठी होईपर्यंत टेकडीवर नुसतं गवत.

"माझंच काहीतरी चुकलं असेल. बघ ना गं," ती प्रयोगशाळेतल्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणाली.

"सगळं तपासलं. एरवी चूक दाखवली की भांडतेस, आणि आज स्वतःच शोधतेयस?" मैत्रीण हसायला गेली, पण हसू ओठांतच राहिलं. "तुझी जाड पानांची झाडं उन्हात टिकतात, पण वाढतात फार सावकाश. एकदा वणवा लागला, की गवत त्यांना डोकं वर काढू देत नाही."

पाळणाघरातून आणलेली लेक खिडकीपाशी ट्रेवर ओणवी झाली होती. मोजायच्या आधी पानं त्यात पाण्यात ठेवत.

"आई, ही काय करतायत?"

"पोटभर पाणी पितायत, राणी. मग आपण त्यांना मोजायचं."

"आणि टेकडीवरच्यांना कोण देतं?"

पानं केव्हाच टवटवीत झाली होती. त्यांना आणखी थेंबही नको होता. तरी तिने पाण्याची बाटली लेकीच्या हातात दिली.

"घाल अजून थोडं," ती म्हणाली.