रक्त थिजेपर्यंत

"हात लावलात ना नळीला?"

प्रेमा सिस्टर कडाडल्या तशी शालनने काचेची नळी पदराआड लपवली. नवऱ्याचं, महादूचं रक्त त्या नळीत घेऊन सिस्टरांनी ती खिडकीत उभी करून ठेवली होती. वीस मिनिटं धक्का लावायचा नाही. रक्त थिजलं तर बरं, नाही थिजलं तर घोणशीचं विष भिनलंय असं समजायचं, हे बजावूनही सांगितलं होतं. आणि ही बाई नळी हलवत बसली होती!

"रगत थांबलं का त्याचा गोळा व्हतोय, सिस्टर. आमच्याकडं बोकड कापला का रगत मीच ढवलते. मना वाटलं, ह्यांचं वाया जायला नको."

"अहो, इथं गोळा व्हायलाच हवाय!"

शालनच्या तोंडचं पाणी पळालं.

महादूला सकाळी भाताचे भारे बांधताना घोणस चावली होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. पुन्हा रक्त काढलं. वेळ झाल्यावर सिस्टरांनी नळी कलती केली, तर ते पाण्यासारखं ओघळलं. डॉक्टरांनी लगेच लस सुरू केली.

"कसली लस हाय?"

"घोड्याला थोडं थोडं विष देतात, मग त्याच्या रक्तातून ही काढतात. विष उतरलं की रक्त परत थिजायला लागतं."

"बिचाऱ्या घोड्याला काय व्हत नाय ना?" शालनने विचारलं आणि सलाइनच्या बाटलीला हात जोडले.

मग दिवसभर तिने उच्छाद मांडला. खाटेखालचा केर काढला, शेजारच्या म्हातारीला पाणी पाजलं, खिडकीचे गज पुसले.

"पायाला भिंगरी लागलीय काय तुमच्या? बसा एका जागी!"

"मी बसली आन् ह्यांना काय झालं तर?"

सिस्टरांना बाईचा राग येत होता, आणि दयाही.

संध्याकाळी पुन्हा रक्त घेतलं. या खेपेस शालन आपणहून लांब, भिंतीला टेकून बसली. वेळ भरली तशी सिस्टरांनी नळी अलगद कलती केली, मग पार उलटी केली. रक्त तळाशी घट्ट धरून राहिलं. त्यांना हसू आवरेना.

"शालनबाई, थिजलं बघा!"

शालनची मान छातीवर पडली होती. तोंड उघडं होतं. सिस्टर तिला हलवायला वाकल्या.

"उठवू नका, सिस्टर." महादू कोपरावर उठला होता. "नातवंडं झाली आमाला. पर हिला झोपलेली मी आज पयल्यांदाच बगतोय."

आणि तो बघत राहिला.