वच्छलाबाईंची पहिली पट्टी

देवचंदनाना कुठलंही काम अर्धवट सोडत नसत. धरणगावच्या स्टँडवर ‘एरंडोलजवळ बस उलटली’ एवढंच कानावर आलं; उरलेलं त्यांनी स्वतः पूर्ण केलं आणि घरी येऊन बायकोला, वच्छलाबाईंना, सांगितलं, “आपला अभिमन गेला.”

त्यांचा मुलगा अभिमन मागच्या बसमध्ये होता. तासाभरानं तो पिशवी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा वच्छलाबाई छाती धरून आडव्या झाल्या होत्या.

गावच्या डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी काढून नानांच्या हाती दिली आणि तिघांना जीपनं जळगावला पाठवलं.

जळगावला डॉ. चौधरींनी लगेच दुसरी पट्टी काढली. “धक्क्यानं हृदयाचा स्नायू लुळा पडलाय, असं वाटतं. तसं असेल तर तो सावरतो. वर उचललेली रेघ खाली वळायला लागली असेल, तर इथंच ठेवू. तशीच असेल तर आजच मुंबई. ताडून बघतो. पहिली पट्टी द्या.”

नानांनी ती ऐटीत काढली. बाईंना आत नेलं तेवढ्यात त्यांनी कोर्टासमोर जाऊन ती लॅमिनेट करून आणली होती. उष्णतेनं रेघ उमटणारा तो कागद गरम यंत्रातून गेला होता. आता तो तव्यासारखा काळा होता.

“फाटू नये म्हणून,” नाना म्हणाले.

डॉक्टरांनी धरणगावला फोन लावला. दुसरी प्रत नव्हती.

“मग?” अभिमननं विचारलं.

“उद्या सकाळी पुन्हा काढायची. आजच्या पट्टीशी ताडायची.”

“आणि मुंबईचंच काम निघालं तर?”

“तर एक दिवस वाया गेला.”

“आत्ताच निघालो तर?”

“कसाऱ्यापर्यंत हे हृदय दम धरेल, असं मी लिहून देणार नाही.”

“मी काय म्हणतो...” नानांनी सुरुवात केली.

“नाना, तुम्ही काहीच म्हणू नका.” अभिमन बाहेर जाऊन जीपवाल्याला परत पाठवून आला.

सकाळी यंत्रातून पट्टी सरकू लागली. नाना डॉक्टरांच्या खांद्यावरून वाकले. कालचे उंचवटे आज खोल खड्डे झाले होते.

“सगळं पालथं पडलं!” नानांचा आवाज फाटला. “गेली रे, अभिमन!”

“कालपासून दुसरा माणूस मारताय, नाना,” अभिमन म्हणाला.

डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या, पुन्हा पाहिल्या. “पालथंच हवं होतं. सावरतंय. मुंबई नको.”

नानांनी डोळे पुसले आणि नव्या पट्टीसाठी हात पुढे केला.

खाटेवरून दोन दिवसांतलं पहिलं वाक्य आलं.

“साहेब, ती पट्टी यासना हातमा देऊ नका.”