वरचा दरवाजा

वरचा दरवाजा उघडायची परवानगी मिळवता मिळवता माझ्या चपला झिजल्या. धरणाच्या तळाचं पाणी बर्फासारखं गार, आणि नदीत सोडतात ते नेमकं तेच. खालच्या डोहातले मासे पोटात अंडी घेऊन उबेची वाट बघत राहतात. फार उशीर झाला की अंडी पोटातच जिरतात. त्या वर्षी पिल्लं नाहीत. तलावाच्या वरच्या थरातलं उन्हाने तापलेलं पाणी सोडता यावं म्हणूनच तर तो दरवाजा बांधला होता.

आज साहेबांनी एकदाची परवानगी दिली. मी डोहात तापमापक सोडला, दोरी खडकाला बांधली आणि धावत वर आले.

फिटरकाकांनी बटण दाबलं. मोटर घुमली आणि बंद पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"अडकलंय का काही?"

"अडकतंय कशाला? ग्रीस मीच घालतो."

बॅटरी घेऊन आम्ही लोखंडी शिडी उतरलो. दरवाजाच्या कडेने वेल्डिंगची जाड रेघ गेली होती, तिच्यावर निळा रंग.

काका थबकले. "अरेच्चा! हे तर मीच केलंय."

"काय?"

"गळत होता ना! पाणी वाया जातंय म्हणून साहेब रोज डोकं खायचे. उघडत तर कुणीच नव्हतं. एका उन्हाळ्यात पातळी खाली गेली, म्हटलं, एकदाचं मिटवून टाकू." त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "बसलंय मात्र झकास. थेंब नाही बघ."

"काका, कापा ते!"

"मागे तलाव उभा आहे, पोरी. आधी पाण्याची पातळी उतरवावी लागेल."

"कशी?"

"खालच्या दरवाजातून."

म्हणजे आणखी गार पाणी. मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"परवानगी दिली ना तुला?" ते वैतागले. "आता आणखी काय हवंय?"

दुरुस्तीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

मी तणतणत डोहावर आले. काठाजवळ एक मादी संथ फिरत होती, पोट टम्म फुगलेलं. काका मागोमाग आले, बूट काढून त्यांनी पाण्यात पाय घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"बाप रे! एवढं गार?"

"एवढं गार."

"जन्म गेला या धरणावर, पण इथे कधी पाय घातला नव्हता." ते माशाकडे बघत राहिले. "वरचं पाणी बादल्यांनी आणून ओतलं तर?"

ते खरंच विचारत होते. मी तापमापकाची दोरी गुंडाळायला लागले.